पिकअप घ्यावी की ट्रक? शेतकऱ्याने गाडी बुक करण्याआधी करायचा हिशेब

छत्रपती संभाजीनगर : कांदा, मका, आलं नाहीतर मोसंबीचे दोन पैसे हातात आले, की गावागावांत एकच विषय निघतो. औंदा गाडी घ्यायची. कोणी म्हणतं छोटा हत्ती बरा, कोणी म्हणतं पिकअपच घे, आणि कोणी सांगतं की घ्यायचीच तर जुनी आयशर घे, एका फेरीत शेत मोकळं होतं. शोरूमवाला डाऊन पेमेंट कमी सांगतो, फायनान्सवाला घरी येऊन सह्या घेतो आणि चार दिवसांत गाडी दारात उभी राहते. हिशेब मात्र पहिला हप्ता आल्यावर सुरू होतो.

तो हिशेब आधी करायचा असेल तर चार गोष्टी बघाव्या लागतात. माल किती आणि कसला, शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट कशी, कागदपत्र काय लागतात आणि वर्षाला फेऱ्या किती होतात. या चारही गोष्टी सोप्या भाषेत पाहू.

कोणती गाडी किती माल उचलते

आपल्याकडे शेतीमालासाठी साधारण चार प्रकारच्या गाड्या चालतात.

पहिली छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस आणि तिच्यासारख्या गाड्या. टाटाने ही गाडी २००५ साली आणली आणि तीनचाकी टेम्पोची बरीच जागा तिने घेतली. क्षमता साधारण पाऊण टन.

दुसरी पिकअप. महिंद्राची बोलेरो पिकअप, अशोक लेलँडचा दोस्त, टाटाची इंट्रा आणि योद्धा या गाड्या यात येतात. मॉडेलप्रमाणे क्षमता १.२ टनापासून २ टनांपर्यंत.

तिसरा छोटा ट्रक, म्हणजे टाटा ४०७ किंवा आयशरची लहान मॉडेल्स. यांची क्षमता अडीच टनांपासून चार टनांपर्यंत.

चौथा दोन आसांचा सहाचाकी मोठा ट्रक. २०१८ साली केंद्र सरकारने आसांवरचा भार वाढवून दिला. तेव्हापासून अशा ट्रकला मालासकट १८.५ टनांपर्यंत परवानगी मिळते, म्हणजे माल साधारण ११-१२ टन.

आता एक एकर कांद्याचं उदाहरण घ्या. एकरी ८० क्विंटल, म्हणजे ८ टन उत्पादन धरलं तर पाऊण टनाच्या छोट्या हत्तीला ११ फेऱ्या होतात. १.३ टनाच्या पिकअपला ७, १.७ टनाच्या पिकअपला ५, चार टनांच्या आयशरला २ आणि मोठ्या ट्रकला एकच फेरी पुरते.

एवढंच पाहिलं तर ट्रकच स्वस्त वाटतो. पण आठही टन एकाच दिवशी विकायचे असतात का, हा खरा प्रश्न आहे. उन्हाळी कांदा चाळीत भरून ठेवणारा शेतकरी भाव बघून थोडा थोडा काढतो. त्याला दोन टनांची सोय पुरते. मोसंबीचा बाग व्यापारी जागेवर घेतो तेव्हा तोडणीपासून ट्रकपर्यंतचं बहुतेक वेळा तोच बघतो. तिथे शेतकऱ्याला स्वतःच्या ट्रकचं कामच नसतं.

वजनाचा माल आणि जागेचा माल

सगळाच माल वजनाने भरत नाही. कांदा, आलं, मका हा वजनाचा माल. हौदा अर्धाच भरलेला दिसतो, पण पाटे बसलेले असतात. याच मालात ओव्हरलोडचा मोह जास्त होतो.

कापूस आणि चारा हा जागेचा माल. सुटा कापूस हौद्यात गच्च भरला, वर जाळी बांधली, तरी गाडीची वजनाची क्षमता पुरी होत नाही. ज्याच्याकडे कापूसच जास्त आहे, त्याने जास्त टनाच्या गाडीपेक्षा लांब हौद्याची गाडी बघावी. पिकअपमध्ये आखूड आणि लांब असे दोन्ही हौदे मिळतात.

हिरवी मिरची, टोमॅटो, भाजीपाला यांचं गणित वेळेचं असतं. सिल्लोड तालुक्यात मिरचीचा तोडा दिवसभर चालतो आणि माल संध्याकाळीच बाजारात पोहोचवायचा असतो. इथे एक टनाची गाडी हाताशी असणं चार टनांच्या गाडीची वाट बघण्यापेक्षा फायद्याचं ठरतं. दुधाचंही तसंच. रोज सकाळ-संध्याकाळ कॅन वाहायचे असतील तर छोटा हत्ती पुरतो. त्यासाठी पिकअपचं डिझेल जाळण्यात अर्थ नाही.

आधी वाट बघा, मग गाडी

शोरूम डांबरी रस्त्यावर असतं, शेत पाणंदीच्या टोकाला. मोठा ट्रक साधारण आठ फूट रुंद असतो, पिकअप साडेपाच-पावणेसहा फूट आणि छोटा हत्ती पाच फुटांच्या आसपास. बांधाच्या कडेने आठ फूट वाट नसेल तर ट्रक गावाच्या वेशीवरच थांबणार. मग शेतातून ट्रॅक्टरने माल आणा, तिथे उतरवा, परत भरा. हमाली दोनदा लागते आणि कांद्याची सालही निघते.

दुसरी अडचण काळ्या मातीची. पाऊस झाला की वैजापूर, गंगापूर, पैठणच्या काळ्या रानात रिकामी पिकअपही जागेवर फिरते. पिकअपची मागची चाकं ओढतात आणि रिकाम्या गाडीत मागे वजन नसतं, म्हणून चाक नुसतं गरगरतं. मागे चार गोण्या माती टाकून गाडी काढण्याची युक्ती त्यामुळेच लागू पडते. चारही चाकं ओढणारी मॉडेल्स बाजारात आहेत, पण त्यांची किंमत आणि दुरुस्ती दोन्ही जास्त. पावसाळ्यातले दोन महिने सोडले तर वाट कोरडी असते, अशा ठिकाणी त्या दोन महिन्यांसाठी ट्रॅक्टरचा आधार घेणं स्वस्त पडतं.

वाटच नसेल किंवा कोणी अडवली असेल तर त्याला कायद्यात तोंड आहे. अडवलेला जुना रस्ता मोकळा करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली आणि बांधावरून नवा रस्ता मिळवण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. शेतरस्ते ३ ते ४ मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यावी, असा निर्णय महसूल विभागाने मे २०२५ मध्ये काढला आहे. लाखोंची गाडी घेण्याआधी हा अर्ज निकाली काढून घेणं जास्त शहाणपणाचं.

घाट, समृद्धी आणि ट्रॅक्टरची मर्यादा

माल कुठल्या बाजारात जाणार, यावरही गाडी ठरते. कन्नडहून चाळीसगावकडे उतरायचं तर औट्रम घाट लागतो. खंडपीठाच्या आदेशानंतर ऑगस्ट २०२३ पासून या घाटात जड वाहनांना बंदी आली. त्या बाजूचा बाजार धरणाऱ्याने ट्रक घेतला तर लांबच्या वळशाचं डिझेल हिशेबात धरावं लागेल. पिकअपला तो त्रास नाही, पण लादलेली गाडी घाटात उतरवताना ब्रेकवर ताण येतो तो वेगळाच.

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. जांबरगाव, हडस पिंपळगाव, माळीवाडा, सावंगी इथून त्यावर चढता येतं. या रस्त्यावर ट्रॅक्टर, दुचाकी आणि तीनचाकीला परवानगी नाही. पिकअप आणि ट्रक दोन्ही चालतात, पण टोलमध्ये फरक मोठा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये रस्ता सुरू झाला तेव्हा हलक्या मालवाहू गाडीला किलोमीटरला २.७९ रुपये आणि दोन आसांच्या ट्रकला ५.८५ रुपये असा दर होता. पुढे दर वाढले, तरी ट्रकला हलक्या गाडीच्या दुपटीच्या आसपास टोल हे प्रमाण राहिलं आहे. ट्रक पूर्ण भरून जात असेल तर टनामागे तो टोल स्वस्तच पडतो, अर्धा रिकामा गेला तर महाग.

ज्याच्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉली आधीच आहे आणि बाजार १५-२० किलोमीटरच्या आत आहे, त्याने गाडीचा विचार दोनदा करावा. लासूर स्टेशन, वैजापूर, पाचोडच्या आसपासच्या गावांना ट्रॉली पुरते. कन्नड किंवा सिल्लोडहून संभाजीनगरचं जाधववाडी मार्केट साधारण ६०-६५ किलोमीटर. तिथपर्यंत ट्रॉली ओढण्यात अर्धा दिवस जातो आणि रात्रीच्या रस्त्यावर जीवही धोक्यात येतो. ट्रॉली न्यायचीच असेल तर मागे रिफ्लेक्टर आणि दिवे असलेच पाहिजेत.

कागद काय लागतात

मालवाहू गाडी घरच्या शेतीसाठी घेतली तरी तिची नोंदणी साधारणपणे व्यावसायिक वाहन म्हणून होते. पिवळी पाटी, फिटनेस, विमा, पीयूसी हे सगळं आलं.

परमिट : मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे ज्या मालवाहू गाडीचं मालासकट एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नाही, तिला परमिट लागत नाही. छोटा हत्ती यात आरामात बसतो. १.३ टनापर्यंतच्या अनेक पिकअपही बसतात. वरच्या टनाच्या पिकअप मात्र ३,००० च्या पुढे जातात आणि तिथून परमिट सुरू होतं. म्हणून बुकिंगआधी मॉडेलचं एकूण वजन कागदावर बघून घ्यावं.

लायसन्स : ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला, की हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवू शकतो, त्याला वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे पिकअप आणि ७,५०० च्या आतली छोटी आयशर घरचा मुलगा साध्या लायसन्सवर चालवू शकतो. मोठ्या ट्रकला जड वाहनाचं लायसन्स हवंच. ते घरात कोणाकडे नसेल तर ट्रकबरोबर ड्रायव्हरचा पगारही आला.

फिटनेस : मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं. जुना ट्रक स्वस्तात मिळतो, पण दरवर्षी फिटनेसला गाडी उभी करायची, त्याआधी रंग, दिवे, ब्रेक, टायर बघायचे, हा खर्च किमतीत दिसत नाही.

कर : २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दुसरीकडे राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी वाहन कर मांडला गेला. त्यामुळे शोरूमची किंमत ऐकून थांबू नये. विमा, कर, नोंदणी धरून रस्त्यावर येईपर्यंतची किंमत लेखी मागावी.

ओव्हरलोड आणि माणसं : इथेच घर बसतं

आरसीवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट एकूण वजन. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की गाडीची खरी क्षमता कळते. गाडीत डिझेल, ड्रायव्हर आणि बरोबरचा माणूसही त्यातच मोजायचा.

१.७ टनाच्या पिकअपमध्ये ५० किलोच्या ६० गोण्या टाकल्या तर ३ टन होतात, म्हणजे १.३ टन जास्त. गाडी चालते, ओढतेही, म्हणून लोक भरतात. कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे, शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवावा लागू शकतो. एकदा पावती फाटली की त्या हंगामातल्या बऱ्याच फेऱ्यांची कमाई गेली. अपघात झाला आणि ओव्हरलोड निघाला तर विमा कंपनी भरपाईवर वाद घालते, ते वेगळंच. दोन फेऱ्यांचा माल कायम एका फेरीत कोंबावा लागत असेल, तर त्याचा अर्थ आपल्याला मोठी गाडी हवी होती, असा होतो.

माणसांचं तर अजून गंभीर आहे. कापूस वेचणीच्या बाया, ऊसतोडीची माणसं, लग्नाचं वऱ्हाड पिकअपच्या हौद्यात बसवून नेण्याची सवय गावोगाव आहे. मालवाहू गाडीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस यांना जागा आहे, हौद्यात बसवलेल्या प्रवाशांना नाही. गाडी उलटली तर भरपाई मालकाच्या अंगावर येऊ शकते आणि त्यात जमीन विकायची वेळ येते. गाडीबरोबर कामाला असलेल्या हमालांसाठी विम्यात वेगळा हप्ता भरता येतो, तो विमा काढतानाच विचारून घ्यावा. माणसं आणि माल दोन्ही नियमित न्यायचे असतील तर दुहेरी केबिनची गाडी बघावी, आणि आरसीवर जेवढ्या सीट तेवढीच माणसं.

वर्षाला किती फेऱ्या झाल्या तर परवडते

आता मुख्य गणित. खालचे आकडे हिशेब समजण्यापुरते धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर टाकून बघावेत.

पिकअप १० लाखांना पडली, २ लाख रोख भरले आणि ८ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता साधारण १७ हजार बसतो. वर्षाचे २ लाख ४ हजार. विमा, टायर, सर्व्हिसिंग, फिटनेस मिळून वर्षाला ७० हजार धरा. गाडी एक किलोमीटर न चालता वर्षाचा खर्च झाला २ लाख ७४ हजार. सुरुवातीला भरलेले २ लाख पाच वर्षांनी गाडी विकताना निघतील असं धरलं आहे. जास्त आले तर तेवढा फायदा.

बाजार ४० किलोमीटरवर आहे आणि भाड्याची पिकअप फेरीला २,५०० रुपये घेते असं समजा. स्वतःच्या गाडीला जाऊन-येऊन ८० किलोमीटरला, लिटरला १२ चं ॲव्हरेज आणि डिझेल ९० रुपये धरून, ६०० रुपये लागतात. म्हणजे एका फेरीमागे १,९०० रुपये वाचतात. २ लाख ७४ हजार भागिले १,९००, उत्तर येतं साधारण १४४. वर्षाला १४४ फेऱ्या झाल्या तर गाडी भाड्याच्या बरोबरीला आली. ड्रायव्हर महिना १२ हजारांवर ठेवला तर हाच आकडा २२० वर जातो.

आता पाच एकर कांदेवाल्याच्या फेऱ्या मोजा. ४० टन कांदा, १.७ टनाप्रमाणे २४ फेऱ्या. मका, कापूस, खत-बियाणं धरून अजून २० फेऱ्या. सगळ्या मिळून ४५ च्या आत. भाड्याने हेच काम १ लाख १२ हजार ५०० रुपयांत होतं. स्वतःच्या गाडीने हप्ता, देखभाल, डिझेल मिळून ३ लाख १ हजार. फरक १ लाख ८८ हजारांच्या वर, तोही दरवर्षी.

म्हणजे नुसत्या स्वतःच्या पाच एकरांसाठी नवी पिकअप परवडत नाही. उरलेल्या शंभर फेऱ्या दुसऱ्याचा माल वाहून काढाव्या लागतात. घरात एक माणूस त्या धंद्याला पूर्ण वेळ देणारा असेल, गावात तेवढा माल असेल आणि आधीच चार पिकअप उभ्या नसतील, तरच गणित जमतं. ट्रकला तर हे अजून कडक लागू होतं. हप्ता मोठा, टायर चाराऐवजी सहा, ड्रायव्हर पगारी आणि घरचा माल वर्षातले मोजकेच दिवस. ट्रक हा शेतीचं साधन म्हणून नाही, पूर्ण वाहतुकीचा धंदा म्हणूनच घ्यावा.

एक गोष्ट या गणितात बसत नाही. ऐन हंगामात भाड्याची गाडी मिळत नाही, भाव पडायच्या आत माल नेता येत नाही, तोडलेली मिरची घरी सुकते. हे नुकसान ज्याला दरवर्षी होतं त्याने तेही रुपयांत मांडून बेरजेत धरावं. पण त्यावर एकट्याने नवी गाडी हाच उपाय नाही. दोन-तीन भावकीत मिळून एक जुनी पिकअप, किंवा शेतकरी गटाने, उत्पादक कंपनीने घेतलेली एक आयशर, यातूनही सोय होते. भागीत गाडी घेताना आरसी, कर्ज आणि विमा कोणाच्या नावावर आणि पाळी कशी, हे आधी कागदावर लिहून घ्यावं.

कर्ज आणि जुनी गाडी

शेतीचा पैसा वर्षातून दोनदा येतो, हप्ता महिन्याला जातो. ओढाताण तिथेच होते. बँकेला किंवा फायनान्सला तिमाही-सहामाही हप्त्याची सोय आहे का, हे सही करण्याआधी विचारावं. कोरे चेक आणि कोऱ्या कागदावर सही देऊ नये. मराठा समाजातील तरुणांसाठी अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची व्याज परतावा योजना आहे, त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर सात वर्षांपर्यंत, जास्तीत जास्त साडेचार लाख व्याज परत मिळू शकतं. मालवाहू गाडी सध्या त्यात बसते का आणि अटी काय, हे महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात आधी विचारून मगच कर्ज करावं. गाडी घेऊन मग अर्ज करणाऱ्यांची पंचाईत होते.

जुनी गाडी घेताना चेसिसला वेल्डिंग आहे का, पाट्यांना जादा पान चढवलंय का, हे मिस्त्रीला दाखवावं. जादा पान दिसलं तर गाडी ओव्हरलोड चालली आहे असं समजा. ऑनलाइन चलान, कर आणि फिटनेसची तारीख एम परिवहन ॲपवर गाडी नंबर टाकून बघता येते. मालकी बदलायला नमुना २९ आणि ३० लागतो, आधीचं कर्ज उतरवायला बँकेच्या सही-शिक्क्याचा नमुना ३५. नुसत्या नोटरीवर पैसे देऊन गाडी आणली आणि आरसी जुन्याच नावावर राहिली, तर अपघाताच्या वेळी दोघेही अडकतात.

थोडक्यात सांगायचं तर रोजचा थोडा माल आणि अरुंद वाट असेल त्याला छोटा हत्ती. आठवड्याला तीन-चार बाजार आणि गावातला माल हाताशी असेल त्याला पिकअप. गटाचा माल आणि रुंद रस्ता असेल तिथे छोटी आयशर. मोठा ट्रक ज्याला वाहतुकीचाच धंदा करायचा आहे त्याला. बाकीच्यांनी मागच्या वर्षीच्या बाजारपट्ट्या काढून आपल्या फेऱ्या महिन्यावार एका कागदावर लिहाव्यात, आणि तो कागद घेऊनच शोरूमला जावं.